वहिनींच्या खणातला पट्टा

शेखरचा फोन आला तेव्हा मी आलमबागच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढत होतो. "वसुधा गेली," एवढंच तो म्हणाला. मागून कुणीतरी "भैया, साइड हो जाइए" म्हणालं, तसा मी कठड्याला टेकून उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

डॉ. वसुधा म्हणजे माझ्या मित्राची, शेखरची बायको, विकास नगरातल्या सर्जन आणि माझ्या वहिनी. शेखर रेल्वेत इंजिनीअर, मी बँकेत. दोघंही बदलीवर लखनौला आलो आणि इथलेच होऊन गेलो. रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. अकोल्याच्या वहिनींचा वऱ्हाडी रस्सा खाताना माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं की त्या म्हणत, "भाऊजी, साताऱ्याचं नाव खराब करू नका!" दिवसभर दवाखान्यात हिंदी बोलून जीभ थकते, म्हणून घरात शुद्ध मराठीच बोलायची असा त्यांचा दंडक होता. आमची मुलं हिंदीत उत्तर द्यायची, तर त्यांना पोळी उशिरा मिळायची.

या घरोब्यानंच एकदा माझा जीव जायची वेळ आली होती. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायला लागली. आडवं झालं की आत जायची, उभं राहिलं की हजर. हर्निया आहे हे मलाही कळत होतं. पण अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, माझ्या वाट्याला वहिनी डॉक्टर आल्या होत्या. ज्यांच्या हातची पोळी खायची, त्यांच्यापुढे पायजम्याची नाडी कशी सोडायची? दुसऱ्या सर्जनकडे जावं तर वहिनींना कळणार, आणि मला सोडून तिकडे का गेलात, असं त्या विचारणार. मग मी बस अड्ड्याजवळच्या दुकानातून हर्नियाचा पट्टा आणला. तो पँटखाली नऊ वर्षं बांधला. बायको रोज डोकेफोड करायची, मी रोज उद्यावर ढकलायचो. स्वतःला शहाणा समजणाऱ्या माणसाचा हा शुद्ध गाढवपणा होता.

एका सकाळी गाठ आत जाईना. ती टणक झाली, अंगात ताप भरला. बायकोनं मला न विचारता वहिनींना फोन केला. त्या आल्या, दारातच थांबून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाटणकर जी, लेटिए. पैर ढीला छोड़िए." वीस वर्षांत माझ्याशी हिंदीचा एक शब्द न बोललेली बाई! मला वाटलं, चिडल्या. तपासून झाल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, की आतडं अडकलं असावं, थांबून चालणार नाही.

ऑपरेशनसाठी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. मी जागाच होतो. मध्ये हिरवा पडदा, त्याच्या पलीकडून वहिनींचा आवाज. थोड्या वेळानं त्या थबकल्या. "अरे... ये आँत नहीं है." मला घाम फुटला. मग पडद्यावरून शांतपणे म्हणाल्या, "पाटणकर जी, आपका अपेंडिक्स यहाँ आकर बैठा है. सूजा हुआ है, फटा नहीं है. निकाल देती हूँ." सरळ हकीकत सांगावी तसं त्या सांगत गेल्या आणि माझी भीती ओसरत गेली. शेवटचा टाका घालून त्या माझ्या उशाशी आल्या, मास्क खाली केला. "झालं, भाऊजी. डोळे पुसा आता." तेव्हा कुठे मला त्या हिंदीचा अर्थ कळला. माझ्यातल्या भाऊजींना त्यांनी तेवढा वेळ बाहेर बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स सापडणं दुर्मीळ, त्यांनी स्वतः आधी एकदाच पाहिलं होतं. अपेंडिक्स चांगलं असतं तर ते पोटात परत सरकवून वर जाळी बसवली असती. पण ते सुजलेलं, जाळीत जंतू शिरले असते, म्हणून नुसत्या टाक्यांनी जागा शिवली होती. मग त्यांनी हातातल्या कापडी पिशवीतून माझा पट्टा काढला.

"किती वर्षं?"

"नऊ."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमच्यापुढे लाज वाटली, वहिनी."

त्यांनी पट्ट्याची गुंडाळी केली. "म्हणजे माझ्यामुळे मेला असता तुम्ही." त्यांचे डोळे भरून आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. "शेखरला या पट्ट्याचं काही सांगू नका." त्या म्हणाल्या, "पट्टा मी ठेवते. कुणाचा ते कुणाला कळणार नाही."

पुढे शेखर रविवारी पाहुण्यांना रंगवून सांगायचा, "ह्याचं अपेंडिक्स फिरायला गेलं होतं!" सगळे हसायचे. मी मात्र त्याचा चेहरा न्याहाळायचो. ह्याला पट्ट्याचं माहीत असेल का? नवराबायकोत काय लपतं? इतकी वर्षं ती शंका मनात ठसठसत राहिली.

वहिनींना कॅन्सर झाला. शेवटच्या भेटीत शेखर औषधं आणायला खाली गेला होता. त्यांना एकदम उमळून आलं. उठून बसवायला हवं होतं, आणि मी भांडं हातात घेऊन नुसता घुटमळत उभा. वहिनींना धरायचं कसं? त्यांनी धाप लागत असतानाच माझ्याकडे पाहिलं. "पाटणकर जी, शरमाइए मत. आज पेशंट मैं हूँ." मी त्यांच्या पाठीला हात लावला, त्या माझ्या खांद्यावर रेलल्या. ओकारी थांबल्यावर मी त्यांचं तोंड पुसलं. "झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

गेल्या रविवारी शेखरबरोबर त्यांचा दवाखाना आवरायला गेलो. टेबलाच्या खालच्या खणात पट्टा होता, विटलेला, इलॅस्टिक सैल झालेलं. शेखरनं तो दोन्ही हातांत धरला. "लाजणाऱ्या पेशंटना हा दाखवायची. म्हणायची, एक आदमी इसी के पीछे छुपकर मरने चला था. शेकडो वेळा विचारलं, अगं कुणाचा हा? म्हणायची, पेशंटचा." तो पट्ट्यावरून बोटं फिरवत राहिला. "कुणाचा असेल रे?"

मी त्याच्या हातातून पट्टा घेतला.

"माझा, शेखर."