भैरवीनंतरची तोडी

आमच्या शास्त्रीय संगीताच्या रेडिओवर बातमी चुकली तर कोणी ढुंकूनही बघत नाही, पण संध्याकाळचा राग सकाळी लागला की फोन खणखणायला लागतो. एकदा भर दुपारी यमन वाजला, तर एका आजोबांनी मला असं झापलं, जणू मी त्यांच्या ताटात पालच वाढली होती. मी क्रांती, इथली साउंडवाली. घणसोली गावातली, त्यामुळे तोंडाने फटकळ, आणि मला रागातलं फारसं कळत नाही हे मी लपवत नाही. ज्याला कळायचं ते माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं. ज्ञानेश्वरी शेलार. कुठल्या वेळेला काय वाजणार हे तीच ठरवायची.

दर महिन्याला खालच्या हॉलमध्ये आमची मैफल होते आणि ती थेट रेडिओवर जाते. मैफलीत ज्ञानेश्वरी गायकाच्या मागे तानपुरा घेऊन बसायची. तिच्यासारखा तानपुरा कोणी लावत नाही, असं येणारा प्रत्येक गवई म्हणायचा, आणि तेच बाईच्या मुळावर आलं. ती स्वतः वर्षानुवर्षं गाणं शिकलेली. पण पुढे बसायचा विषय निघाला की आमचे प्रमुख उदयसिंह सर हसून म्हणायचे, "बाई, तुम्ही पुढे बसलात तर मागे कोण बसणार?" सगळे हसायचे. तीही हसायची. मला मात्र सरांना वायरने बांधून ठेवावंसं वाटायचं.

तिचे वडील कृष्णात आबा साताऱ्याकडचे. आयुष्यभर वाशीच्या मार्केटात पोती वाहिली. आता गुडघे गेले, एक कान गेला. घणसोलीत बापलेक दोन खोल्यांत राहतात. तिथे रियाज कुठला? ती रेडिओ स्टेशनवर लवकर येऊन करायची. म्हणजे आबांनी कित्येक वर्षांत लेकीचा गाता आवाज ऐकलेलाच नव्हता. तरी मैफल असली की रेडिओला कान लावून बसायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "ती मागची तार हाय न्हवं, ती आमची ज्ञानू."

यंदा एका सकाळच्या मैफलीत मात्र सरांनी तिला अर्धा तास दिला. आधी ज्ञानेश्वरी, मग वामनबुवा. तिने तोडी निवडली. ती बातमी आबांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितली.

त्या सकाळी बुवा आले तेच घाई करत. विमान लवकरचं मिळालं होतं. "मी आधी गातो, मग मुलगी निवांत गाईल," ते म्हणाले. सर लगेच तयार. ज्ञानेश्वरीने नेसलेली नवी साडी सावरली आणि ती नेहमीसारखी मागे जाऊन बसली. निवेदिकेला सरांनी निरोप दिला, वरच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर क्रमही बदलला.

बुवा छान गायले, खोटं कशाला बोलू? लोक खूश झाले. बुवांनी घड्याळ पाहिलं, डोळे मिटले आणि सवयीने पुढचे सूर लावले. मी हेडफोनवर होते. मला काही कळलं नाही, पण ज्ञानेश्वरीचा चेहरा पाहिला आणि विचारावं लागलं नाही. बुवांनी भैरवी सुरू केली होती.

भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. ती झाल्यावर कोणी गात नाही. हे इथे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. आणि तिला थांबताही येईना, कारण तानपुरा तिच्याच हातात. आपली संधी संपत असताना तिला स्वतःच सूर धरून बसावं लागलं. एकही सूर हलला नाही. मी माझ्या जागेवर दात आवळून रडत होते.

लोक चहाला पांगले. बुवांच्या ध्यानातही आलं नाही, ते आशीर्वाद देऊन गाडीत बसले. "गा ना तुम्ही!" मी म्हटलं. "कोण फाशी देतंय?"

"भैरवीनंतर?" सर म्हणाले. "हसं होईल आपलं. बाई, पुढच्या वेळी नक्की. आता अर्धा तास मोकळा आहे, वर जाऊन काहीतरी लावा."

ती वर गेली, मी मागोमाग. तिने संग्रहातली एक तोडी काढली, नागपूरच्या कुणा बाईंची. स्वतःच्या जागी दुसरीला बसवायचं कामही तिच्याच वाट्याला. तिने बटण दाबलं आणि आधी, त्या अर्ध्या तासासाठी अगोदरच भरून ठेवलेला, सरांचा ध्वनिमुद्रित आवाज आला: "आता ऐकूया, ज्ञानेश्वरी शेलार यांचा राग तोडी." क्रम बदलला, पण ते निवेदन काढायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पाठोपाठ नागपूरच्या बाई गायला लागल्या.

"बंद करू?" मी विचारलं.

"राहू दे. ऐकतंय कोण?"

खरंच होतं ते. भैरवी झाली की जाणकार रेडिओ बंद करतो. तक्रारीचा एकही फोन आला नाही.

तोडी संपली आणि तिचा मोबाईल वाजला. आबा फोनवर ओरडूनच बोलतात, मला सगळं ऐकू आलं. "ज्ञानू! लई झ्याक गायलीस गं पोरी! समदी बिल्डिंग बसलीया हितं. शेजारची वेणूबाई रडाय लागली." मग म्हणाले, "आवाज लई बारीक झालाय व्हय गं तुझा?"

ज्ञानेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'सांगा, सांगा' म्हणत होते.

"माईकवर तसाच येतो, आबा," ती म्हणाली.

आबांनी पेढे वाटले. आयुष्याचं सार्थक झालं, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले.

पुढच्याच आठवड्यात सरांना उपरती झाली. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्याची मैफल तुमची. पूर्ण. तानपुऱ्याला मी दुसरं माणूस बघतो." मी टाळीसाठी हात उचलले.

"नको सर," ती म्हणाली. "मी मागेच ठीक आहे."

सर निघून गेल्यावर मी तिच्यावर खेकसलेच. "वेड लागलंय का तुम्हाला? एवढी वर्षं कशासाठी घासलीत मग?"

"मी गायले तर आबा ऐकतील, क्रांती. एक कान शाबूत आहे त्यांचा. त्या दिवशी गायली ती मी नव्हते, हे कळेल त्यांना."

"मग काय, कधीच गाणार नाही?"

"आबा आहेत तोवर नाही."

बोलून गेली आणि दचकली. तिने किती वाट बघायची आणि कशाची, हे दोघींनाही एकदमच कळलं. ती खाली मान घालून दुपारचे राग लावायला बसली. मीही तिच्याकडे बघितलं नाही.