आत्याचे सात जण

सरपंचआत्या गावातल्या सात माणसांची नावं कधीच घ्यायची नाही. त्यांना ती जागेवरून ओळखायची. खांबाशेजारचा, दारातला, पंख्याखालचा, कपाटाला टेकलेला, टेबलावर कोपर ठेवलेला आणि खिडकीबाहेरचे दोघं. नवी सून गावात आली की तिला हे समजायला महिना जायचा. "खांबाशेजारच्याच्या नातीचं लगीन ठरलं म्हनं," असं आत्या म्हणाली की ऐकणाऱ्या बायका मनातल्या मनात नाव लावून घेत आणि पुढचं विचारत.

पंचायतीच्या खोलीत तिच्यावरचा अविश्वास ठराव पास झाला, त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं, त्यावरून ही नावं पडली होती. नऊ सदस्यांत सात हात वर झाले. एक हात आत्याचा स्वतःचा, तो खालीच राहिला. उरलेला एक सदस्य त्या दिवशी बटाटा घेऊन मंचरला गेला होता, त्यामुळं त्याचं नाव शाबूत राहिलं. सातांतले दोन हात बायकांचे होते. पण त्या दोघींना आत्यानं कधी बोल लावला नाही. हात वर करण्याआधी त्यांनी खिडकीकडं पाहिलं होतं आणि खिडकीबाहेर त्यांचे नवरे उभे होते. "हात त्यांचे न्हवतेच," आत्या म्हणायची. म्हणून यादीत नवरे आले.

मी हे कॉलेजच्या अंकासाठी लिहिते आहे. सरांनी आवडत्या व्यक्तीवर लिहायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आई, वडील नाहीतर गुरुजी निवडले. कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिलीच. वडील मंचरच्या मार्केटात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. माझ्यासारखीनं कुणाबद्दल चांगलं लिहिलं तर ते शोभतं. वाईट लिहायचा मला अजून धीर होत नाही. पण हा अंक आमच्या गावात जातो. खांबाशेजारच्यांचा नातू आमच्याच कॉलेजात आहे, त्यामुळं त्यांच्या घरीही जाईल. जाऊ दे.

आमचं गाव कळंबच्या अलीकडं, हायवेपासून आत. गावात वरची आळी आणि खालची आळी. वरच्या आळीचे पुढारी अण्णा एका पक्षाचे, म्हणून खालच्या आळीचे बापू दुसऱ्याचे. बाईसाठी सरपंचपद राखीव झालं तेव्हा दोघांनी आपापल्या बायका पुढं केल्या, आणि दोघांनीही एकमेकांच्या बायका पडतील अशी व्यवस्था केली. शेवटी आत्या उरली. ती गावची लेक. नवरा गेल्यावर जुन्नरकडच्या सासरहून कायमची परत आलेली, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या. नवरा नाही, मुलगा नाही, आळीतही धड कुठल्याच नाही, तिचं घर मधल्या वळणावर. दोघांनाही वाटलं, ही आपल्या मुठीत राहील.

त्या वेळी नळयोजना सहा वर्षं अडकून पडली होती. टाकी बांधून तयार, पाइप पंचायतीच्या मागं गंजत पडलेले. पाणी आधी वर सोडायचं की खाली, एवढंच ठरत नव्हतं. आत्यानं एका सभेत सांगितलं की सम तारखेला आधी वर आणि विषम तारखेला आधी खाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि महिन्याभरात पाणी आलं. मला तेव्हा वाटायचं की यामुळं तिचा सत्कार होईल. झाला तो ठराव. सहा वर्षं या भांडणावर दोन्ही आळ्या आपल्या पुढाऱ्यांच्या दारात बसत होत्या. भांडण गेलं तशी बसणारी माणसंही गेली. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले अण्णा आणि बापू त्या एका दिवसासाठी एक झाले. ठरावात कारण लिहिलं होतं की सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत.

त्यानंतर आत्या एकाही ग्रामसभेला चुकली नाही. पहिल्या रांगेत बसायची आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायची, पाणी सोडायचं वेळापत्रक कुणी घालून दिलं? नव्या सरपंचाला तिचं नाव घ्यावं लागे. मग ती ग्रामसेवकाला म्हणायची, "भाऊसाहेब, प्रोसिडिंगला घ्या." ग्रामसेवक अण्णांकडं बघायचा, अण्णा छताकडं. पाच वर्षांच्या प्रोसिडिंग बुकात तेच उत्तर दर सभेला लिहिलेलं आहे. मी ते जाऊन पाहिलं आहे.

दिल्लीच्या बिलात तिचं मन कसं अडकलं, हे मी स्वतः पाहिलं. लोकसभेत आणि विधानसभेत बायकांना तेहतीस टक्के जागा देण्याचं ते बिल. आत्याकडं ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि संध्याकाळच्या बातम्यांना आम्ही शेजारच्या पोरी तिच्या ओसरीवर असायचो. एक दिवस बातम्यांत दाखवलं की बिल मांडताना सभागृहात धक्काबुक्की झाली आणि कुणीतरी कागद ओढून फाडून टाकले. आत्या पुढं सरकली. "बघा की राव," ती म्हणाली, "आमच्यातल्यांनी निदान हात तरी वर केला." त्या फाडणाऱ्यांनाही तिनं लगेच जागेवरून नावं दिली आणि पुढं कित्येक दिवस बातम्यांत ती त्यांना शोधत असायची.

तिला बिल कशासाठी हवं होतं, याबद्दल मला खोटं लिहायचं नाही. आमच्या पुस्तकात महिला सक्षमीकरण असा शब्द आहे. आत्याच्या मनात तसलं काही नव्हतं. तिला अण्णा आणि बापू एखाद्या बाईच्या दारात तिकीट मागायला उभे राहिलेले बघायचे होते. "आन तिनं त्यास्नी च्या न इचारता उभं ठेवावं," ती म्हणायची. "तासभर. जास्त न्हाई."

मी जुन्नरच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं तेव्हापासून ती मला अडवून विचारू लागली. एसटीतून उतरून मी घराकडं चालले की वळणावर हाक यायची. बिल पुन्हा पुढं ढकललं गेलं होतं आणि मी सरांनी सांगितलं तसं सांगत होते, की सगळेच पक्ष बिलाच्या बाजूचे आहेत, पण मतभेद आहेत. काही म्हणतात, तेहतीस टक्क्यांत मागास समाजाच्या बायकांना वेगळा वाटा द्या. हे म्हणणं मला चुकीचं वाटत नव्हतं, तेही मी सांगितलं.

"मग घाला की त्यात," आत्या म्हणाली.

"दुसरे नको म्हणतात. ते म्हणतात, आधी हे आहे तसं होऊ द्या, वाट्याचं नंतर बघू."

"मग तसं करा."

"पहिले म्हणतात, नंतर कोण देतंय."

"ते बी खरं हाय. मग दोघांनी बसून मधलं काय काढलं का न्हाई?"

"एकमत होत नाही म्हणतात, आत्या."

"आगं, एकमत म्हंजे काय असतं ते मला इचार," ती म्हणाली. "मी बघितलंय. सात हात."

ते वाक्य मी वर्गात सरांना सांगितलं तेव्हा तेही हसले नाहीत.

मग पंचायत समितीची निवडणूक आली आणि आमचा गण बायकांसाठी राखीव झाला. अण्णा आणि बापूंचं पुन्हा अडलं. दोघांच्याही पक्षातल्या वरच्या लोकांना वाटलं की गणातली सगळी गावं जिला मानतात अशी एकच बाई आहे. दोन्हीकडून पाठिंबा मिळणार होता. अट एवढीच होती की आत्यानं देवळात अण्णांच्या आणि बापूंच्या हातून नारळ घ्यायचा आणि मागचं सगळं गैरसमजातून झालं असं सगळ्यांसमोर म्हणायचं. तिच्यासाठी याहून मोठं काही येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ती त्या दिवसांत जेवायची नाही धड.

तिनं उलट निरोप पाठवला. सातांनी चूक कबूल करायची. त्याच खोलीत. निरोप घेऊन एक शिक्षक मोटरसायकलवरून हेलपाटे घालत होते. सातांचं जमत नव्हतं, म्हणून तिनं तीन केले. तीन जमेनात, म्हणून एक केला. कुणीही एकानं 'आमचं चुकलं' म्हणावं, नारळ मी घेते. तिकडून शब्द आला, 'गैरसमज झाला'. मग 'घाई झाली'. तिसऱ्या दिवशी 'वाईट वाटलं' आला. शिक्षक घामाघूम होऊन म्हणाले, "आत्या, आता ह्यापुढं त्यांना येता येत नाही हो."

त्याच दिवशी, भर दुपारी, मीच तिच्याशी भांडले. उद्या घोडेगावला तीन वाजेपर्यंत अर्ज भरायचा होता. मी म्हणाले की दिल्लीवाले अडून बसलेत म्हणून तू त्यांना शिव्या देतेस आणि इथं स्वतःच अडून बसलीस. जरा तडजोड कर. कॉलेजात गेल्यामुळं हे बोलण्याचा मला अधिकार आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

आत्या चिडली नाही. ती लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. "तडजोड म्हंजे दोघांनी थोडं थोडं सोडायचं," ती म्हणाली. "मी सातांवरनं एकावर आले. त्यांनी काय सोडलं, सांग. तू शिकलीयास."

मी विचार केला. मला खरंच काही सापडलं नाही. तरीही मला वाटत होतं की तिनं अर्ज भरावा, आणि आजही कधी कधी वाटतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेले. तिकीट बापूंच्या सुनेला गेलं आणि त्या निवडून आल्या. मिरवणूक वळणावरून जाताना आत्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. गुलाल तिच्या उंबऱ्यापर्यंत आला. तिनं तो केरसुणीनं परत रस्त्यावर लोटला, मिरवणूक समोर असताना, घाई न करता.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. आठ दिवस ताप होता, मंचरच्या दवाखान्यात नेलं तोपर्यंत उशीर झाला होता. माझी परीक्षा चालू होती. मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. त्याच सुमाराला बिल आणखी एकदा मागं ठेवलं होतं. ती बातमी तिच्यापर्यंत पोचली की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

आमच्याकडं दशक्रियेला नदीकाठी मोठा जमाव जमतो. प्रवचन होतं आणि मग पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. एका सकाळी तीन-तीन गावांच्या दशक्रिया करणारे पुढारी आहेत, आणि त्यांना मेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. आत्याच्या दशक्रियेला अण्णांनी त्यांच्या पक्षाचे मोठे पुढारी आणले होते, बापूंनी त्यांच्या. दोघंही पांढऱ्या कपड्यांत खुर्च्यांवर बसलेले. नेहमी सूत्रसंचालन करणारे शिक्षक म्हणजे तेच मोटरसायकलवाले. भाषणांच्या क्रमाच्या दोन्हीकडून आलेल्या चिठ्ठ्या त्यांनी पाहिल्या, घसा धरला आणि आत्याच्या पुतण्याला म्हणाले की आज आवाजच लागत नाही. पुतण्यानं माईक आणि चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. मी शिकलेली होते आणि मला शुद्ध बोलता येत होतं.

चिठ्ठ्यांवरून मला कळलं की दोन्ही बाजूंना आपला पुढारी शेवटी बोलायला हवा आहे. शेवटचं भाषण मोठ्या माणसाचं असतं. मी अण्णांकडं गेले. ते म्हणाले, आधी त्यांचे होऊ द्या. मी बापूंकडं गेले. ते म्हणाले, आमची काही घाई नाही, आधी त्यांचे. मी पुन्हा अण्णांकडं गेले. ऊन वाढत होतं. लोकांची चुळबुळ सुरू झाली, कुणाला मार्केट गाठायचं होतं, कुणाला कांदा काढायला बाया लावायच्या होत्या. पिंडाला कावळा केव्हाच शिवून गेला होता.

बापूंच्या पुढाऱ्यांच्या शाळेत मी नोकरीसाठी अर्ज करणार होते आणि वडील जमावात मागं उभे राहून माझ्याकडं बघत होते. मी दोन्ही चिठ्ठ्या घडी करून मुठीत धरल्या आणि माईक तोंडाजवळ नेला.

"श्रद्धांजलीची भाषणं कुणी आधी करावीत, यावर मान्यवरांचं एकमत झालेलं नाही," मी म्हणाले. "त्यामुळं भाषणं होणार नाहीत. विधी पूर्ण झाला आहे. आपण सगळे आलात, कुटुंबाच्या वतीनं आभार."

मग बायकांच्या बाजूनं पहिली उठली ती खिडकीकडं पाहून हात वर केलेल्या दोघींपैकी एक. तिनं पदर झटकला आणि चालू लागली. तिच्यामागं सगळी बाजू उठली. मोटरसायकली सुरू झाल्या. अण्णा उठून मोठ्यानं सांगू लागले की थांबा, आमचे आधी बोलतील, आमचं काही म्हणणं नाही. बापूही म्हणू लागले, मग आमचेही आधी चालतील. तोवर निम्मा घाट रिकामा झाला होता.

अण्णा माझ्याजवळ आले आणि त्यांनी माईकसाठी हात पुढं केला. "दोन शब्द तरी बोलू दे, पोरी," ते म्हणाले. "चांगलंच बोलणार हाय."

मी बटण बंद केलं, माईक मंडपवाल्याच्या हातात दिला आणि खाली बसून वायर गुंडाळायला लागले. वायर लांब होती. अण्णा ती संपेपर्यंत तिथंच उभे होते.