नळीला दिलेला प्रसाद

आमच्या वर्ध्याच्या लॅबच्या फ्रीजमध्ये नमुने फार दिवस टिकत नाहीत. किस्से मात्र टिकतात, तेही लेबल न लावता.

मी गॅलेक्टिन-३ वर काम करते. माणसाचा एक जीन बॅक्टेरियात घालायचा, मग बॅक्टेरिया हे प्रोटीन बनवतात. आंजीहून येणारे आमचे अटेंडंट गुलाबकाका, त्यांनी हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाचा जीन हाय? त्या माणसाले मालूम हाय काय?"

तेव्हापासून मला उगाच अपराधी वाटतं.

*

सेंट्रिफ्यूज थांबलं की बीप वाजतो. रोज वाजतो, रोज मी दचकते. एकदा दचकून प्रोटीनची पहिली बॅच फरशीवर गेली.

"भेता काऊन ताई? मशीन हाय, वाघ नाई."

हे काका अचानक मागून बोलले, म्हणून दुसरीही गेली.

उरली तिसरी. मंगळवारी कमिटी होती. प्रोटीन दाखवलं नाही तर फेलोशिप बंद.

*

या प्रोटीनला एकच नाद, दुधातल्या साखरेचा. म्हणजे लॅक्टोजचा. दिसलं की चिकटलंच. चहाची साखर संपली तेव्हा माझी मैत्रीण रश्मी लॅक्टोजच्या बरणीकडे वळली. मी घाबरून चिठ्ठी लावली, "चहासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी खाली रश्मीचं अक्षर : "बरोबर. गोडच होत नाही."

*

तिसरी बॅच मी काचेच्या नळीत चढवली. नळीतल्या मण्यांना लॅक्टोज चिकटलेलं, लॅक्टोजला माझं प्रोटीन. वरून आणखी लॅक्टोज ओतलं की ते मणी सोडून खाली उतरतं.

नेमकी खंडेनवमी. काकांनी सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावलं आणि नळीत चमचाभर साखरपाणी सोडलं.

"काका, हे काय केलंत?"

"परसाद देल्ला. सगळ्यायले देल्ला, मंग हे एकटी उपाशी ठेवू काय?"

गोड पाण्यासोबत प्रोटीनही वाहून गेलं असणार, या धास्तीने मी खाली पडलेला थेंबन् थेंब जपला. तपासला. त्यात प्रोटीनचा मागमूस नव्हता. मग लॅक्टोज ओतलं, आणि सगळं प्रोटीन मुकाट्याने उतरलं.

*

मंगळवारी कमिटीतल्या बाहेरच्या सरांनी माझा निकाल पाहिला, चष्मा काढला.

"लॅक्टोजने सुटलं, ठीक. पण कुठल्याही साखरेने सुटलं असतं कशावरून? साधी साखर ओतून पाहिली होती का? तसा कंट्रोल घेतला होता का?"

मी वहीची पानं उलटू लागले. दारातून चहाचा ट्रे घेऊन गुलाबकाका आत येत होते.

"घेतला ना सर. म्या सोताच्या हातानं पाजला."