राखाडी कव्हरची रेकॉर्ड

भुसावळ स्टेशनवर पुण्याची गाडी लागली होती. माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि सुतळीनं बांधलेला इंग्रजी रेकॉर्डचा गठ्ठा. रेल्वे कॉलनीतलं शेजारचं अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला जाताना त्या रेकॉर्ड दादाला देऊन गेलं होतं. माझा मोठा भाऊ, लोको शेडमध्ये फिटर. गठ्ठा त्यानंच बांधून दिला. "विक आणि पाय रोव," म्हणाला. त्यातली एकच रेकॉर्ड त्यानं काढून ठेवली होती. तिच्यावरून सकाळपासून माझी कटकट चालू होती, म्हणून ती काखेत धरूनच तो स्टेशनवर आला.

ती होती चौघांच्या एका जुन्या रॉक बँडची. त्यांचे आधीचे अल्बम जगभर गाजले, हा आला तेव्हा आपटला. राखाडी कव्हरवर एक रिकामी खुर्ची. घरात तिला 'राखाडी' म्हणायचो. दादाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण शेडवरून आला, अंघोळ केली, की दुसरी बाजू लावायचा. "ड्रमवाला बघ, मुद्दाम मागं राहतो. इंजिन डब्यांना लावताना ड्रायव्हर शेवटचं दोन हात अंतर राखून कसा जरा थांबतो, तसं."

मला ती हवी होती, कारण त्या बँडच्या बाकी रेकॉर्ड गठ्ठ्यात होत्या आणि पूर्ण संचाला भाव चांगला येतो. मग मी कोणाशीही केलं असतं तेच केलं. जी वस्तू हवी तिला आधी नावं ठेवायची. "दादा, ही त्यांची सगळ्यात पडेल रेकॉर्ड आहे. लोक हसतात हिला. जाणकार माणूस घरात ठेवत नाही."

आई म्हणायची, "सुरेश भाव करायला लागला की त्याच्या शब्दाकडं नाही, तोंडाकडं बघावं." दादानं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. कव्हर उलटंसुलटं पाहिलं, "असं आहे होय," म्हणाला आणि गाडीच्या खिडकीतून मला आत दिली.

पुण्यात जुन्या बाजारात ताडपत्री अंथरली, दर रविवारी आणि बुधवारी. पोलिसांशी भांडलो, शेजारच्या भंगारवाल्याशी भांडलो, गिऱ्हाइकांशी तर दर वेळी. संच मोडून विकला. राखाडी मात्र विकली नाही. का, ते स्वतःला विचारायला सवड नव्हती. आज बिबवेवाडीत माझं दुकान आहे, रेकॉर्ड, अँप्लिफायर, स्पीकर, सगळं. कोणाच्या उपकारावर उभं नाही.

दादा ते बघायला आपणहून कधी आला नाही. एकदाच, विश्रांतवाडीला एका लग्नाला आला होता तेव्हा मी त्याला ओढून आणला. रेकॉर्डच्या रॅककडं पाठ करून बसला. चहा प्यायला आणि विचारलं, "इथं पाणी दोन्ही वेळेला येतं का रे?" बस्स, एवढंच. तो गेल्यावर मी बायकोला म्हणालो, जळतो माझ्यावर. हे मी पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिलो.

दुकानात महिन्यातून एका रविवारी सकाळी ऐकणारे जमतात. एक अल्बम पूर्ण लावायचा, मग कव्हर हातोहात फिरतं. ज्याच्या हातात कव्हर, त्यानं मत द्यायचं. माझ्या हातात ते कधी येत नाही. एकदा मी तोंड उघडलं, तर आपटे सर म्हणाले, "शेठ, आपण सुईकडं बघा, मतांचं आम्ही बघतो." सगळे हसले. निवृत्त प्राध्यापक आहेत, म्हणून हात आवरला.

गेल्या महिन्यात या मंडळींनी राखाडी निवडली. आयटीतली केतकी म्हणाली, "टोटली अंडररेटेड. लोकांनी हिट गाणी शोधली, अल्बम ऐकलाच नाही." एकाला आवाज थकलेला वाटला. मग आपटे सर डोळे मिटून म्हणाले, "दुसऱ्या बाजूला ड्रम किंचित मागं राहतो. हेतुपुरस्सर. हे फारच थोड्या कानांना कळतं."

माझं डोकं सटकलं. "हे माझ्या भावानं तीस वर्षांपूर्वी सांगितलंय. नववी नापास. लोको शेडमधला फिटर!"

"मग बोलवा की त्यांना," आपटे म्हणाले. "तुमच्यापेक्षा बरे दिसतात."

मी तिथंच दादाला फोन लावला, दुसरी बाजू सुरू केली आणि फोन स्पीकरसमोर धरला. मग कानाला लावला. "ओळखलंस?"

"राखाडी," तो लगेच म्हणाला. मग घाईनं, "बंद कर रे. लोक असतील तिथं, हसतील."

"कोणी हसत नाहीये, दादा."

"तूच सांगितलं होतं ना भो. मला वाटलं, आपल्याला यातलं काही कळत नाही. तू गेल्यावर रेकॉर्डचं मशीन पण देऊन टाकलं मी."

रॅककडं पाठ करून बसलेला दादा मला तेव्हा दिसला.

"दादा, मी भाव करत होतो."

"माझ्याशी?" दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

आपटे सरांनी कव्हर पहिल्यांदाच माझ्यापुढं धरलं. "बोला," म्हणाले. मी सुई उचलली. सगळ्यांना बाहेर काढलं आणि शटर ओढलं.

कॉलनीतून माझ्यासारखे बाहेर पडलेले आणि तिथंच राहिलेले, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितोय. इथं पुण्यात माझा शब्द कोणी तपासल्याशिवाय घेत नाही, मीही कोणाचा घेत नाही. एकच जागा अशी होती जिथं मी जे बोललो ते तसंच्या तसं घेतलं गेलं, आणि तिथंच मी धंदा केला.

शनिवारी भुसावळला जातोय. मशीन नेतोय, राखाडी नेतोय. त्यानं दार उघडलं तर दुसरी बाजू लावीन, कव्हर त्याच्या हातात देईन आणि गप्प बसेन. तो बोलेपर्यंत.