दोघांचं पुढचं चाक

डोंगरात चालवायच्या सायकलींचे टायर बनवणारे लोक बहुतेक थंड देशांत राहत असावेत. टायरच्या माहितीत ते ‘ओल्या हिवाळ्यासाठी’ असं लिहितात. आमच्या डोंबिवलीत हिवाळा म्हणजे धूळ आणि सर्दी. तो ओल्या हिवाळ्याचा टायर आम्हाला लागतो आषाढापासून नवरात्रापर्यंत, आणि खरा लागतो तो पुढच्या चाकाला. मागचं चाक घसरलं तर आपण एक शिवी हासडून पुढे जातो. पुढचं घसरलं तर शिवीलाही वेळ मिळत नाही.

आम्ही म्हणजे दोघंच. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. लग्नानंतर तो कळव्याला राहायला गेला, मी डोंबिवलीतच मानपाड्याच्या बाजूला राहिलो. चाळिशीत आम्ही सायकली घेतल्या तेव्हा हे खूळ दिवाळीपर्यंत टिकेल असं दोघांच्या बायकांचं म्हणणं होतं. खूळ चांगलं टिकलं. रविवारी सकाळी तो गाडी घेऊन यायचा, गाडीच्या मागे दोन्ही सायकली बांधून आम्ही टिटवाळा गाठायचो आणि तिथून पुढे टेकडीमागच्या पायवाटांवर शिरायचो.

उतारावर आमची एक पद्धत होती. पुढे असेल त्याने वाट निवडायची आणि मागच्याला ओरडून सांगायचं. शब्द दोनच. ‘धर’ म्हणजे ब्रेक धर. ‘सोड’ म्हणजे ब्रेक सोड आणि चाकाला जाऊ दे. मागच्याने विचार करायचा नाही, कारण ओल्या कातळावर विचार करणारा माणूस हमखास ब्रेक दाबतो आणि आपटतो. पण हे जमायचं तर दोघांचं पुढचं चाक एकसारखं हवं. तोच टायर, तेवढीच हवा. त्याचं चाक जिथे टिकलं तिथे माझंही टिकणार, एवढ्या एका भरवशावर सगळं चालायचं. म्हणून दर पावसाळ्याआधी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन्ही टायर एकत्र बसायचे. एकाच पंपाने हवा भरायची आणि शेवटी एकमेकांच्या चाकावर अंगठा दाबून बघायचा. माझी बायको याला टायरांचं लग्न म्हणायची.

आम्ही पन्नाशीला आलो त्या वर्षी टायर निवडताना आमचं चांगलंच वाजलं. त्या वाटांवर खाली शेतांच्या कडेला काळा चिखल आहे. त्याला उंच आणि लांब लांब बसवलेल्या दात्यांचा टायर हवा, म्हणजे चिखल अडकून बसत नाही. वर शेवाळलेला कातळ आहे, त्याला मऊ रबर हवं. मित्राचं म्हणणं, उंच दात्यांचा मऊ टायर घेऊ. माझं म्हणणं, मऊ रबर एका मोसमात झिजून जाईल, त्यापेक्षा मधला काहीतरी घेऊ. दोन रविवार आम्ही भांडलो. शेवटी तो हसून म्हणाला की बाबा, तुझं खरं. मधले दोन टायर आले, पार्किंगमध्ये बसले, वरून भजी आली, अंगठे दाबून झाले.

आषाढ संपता संपता माझं चाक सरकायला लागलं. पडत नव्हतो, पण प्रत्येक ओल्या दगडावर पाय खाली टेकावा लागायचा. त्याचं मात्र काही होत नव्हतं. तो आरामात उतरून खाली माझी वाट बघत उभा असायचा. मी त्याला विचारलं, माझं काय चुकतंय? तो म्हणाला की मी हल्ली अंग आखडून चालवतो, खांदे सैल ठेवायला हवेत. पुढच्या रविवारी म्हणाला, नजर फार जवळ ठेवतोस. मग एकदा चहा पिताना माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेने म्हणाला, “अरे, पन्नाशी झाली आपली. होतं असं.”

मी ते खरं मानलं. ऑफिसातून आल्यावर गॅलरीत एका पायावर उभा राहून तोल सांभाळायला शिकू लागलो. डोळे तपासून आलो. बायको म्हणाली की एवढी भीती वाटत असेल तर विकून टाक ती सायकल. भीती नव्हती, लाज वाटत होती. आठवड्यात मला माझा वाटणारा तोच एक दिवस होता, आणि शरीरानेच साथ सोडली असेल तर तोही गेला, हे मनाने घेतलं होतं. याने आपल्याला सांभाळून घेतलं, टर उडवली नाही, म्हणून मी त्याचे आभारसुद्धा मानले होते. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

त्याच मोसमात त्याने सायकल धुणं सोडलं होतं. एरवी रविवारी दुपारीच सायकल चकाचक करणारा माणूस, पण आता मागच्या आठवड्याचा चिखल तसाच घेऊन यायचा. मी त्याला आळशी म्हणून चिडवायचो आणि तोही हसायचा.

गणपती झाल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही कातळाच्या लांब उतारावर होतो. तो पुढे होता. तो खाली पोचला आणि वर बघून ओरडला, “सोड!” मी सोडला. चाक कुठेच टिकलं नाही. मी उजव्या खांद्यावर आपटलो आणि आत हाड मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

तो धावत आला. मला बसवलं, पाणी पाजलं, स्वतःच्या टॉवेलने माझा हात गळ्याशी बांधला. त्यात नाटक नव्हतं. मग फोनला रेंज मिळेना म्हणून तो टेकाडावर चढला. त्याची सायकल माझ्या शेजारीच आडवी पडली होती आणि पाऊस तिच्यावरचा चिखल धूत होता. चिखलाखालून पुढच्या चाकाचे दाते दिसले. उंच, लांब लांब. मला वाटलं, दुखण्याने काहीतरी भलतंच दिसतंय. सवयीने डावा अंगठा दाबून बघितला. रबर मऊ होतं. टायरच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत नाव असतं, ते कुठे दिसेना. बोट घासलं तर बोटाला काळं लागलं आणि खालून पिवळं निघालं. बुटाचं पॉलिश होतं. पावसाच्या दिवसांत ते त्याने पुन्हा पुन्हा लावलं असणार.

तो खाली आला तेव्हा मी बोट पुढे केलं.

“कधीपासून?”

त्याने बोटाकडे बघितलं. “गटारीच्या आधीपासून. तू ऐकणार नव्हतास रे, परत वाद झाला असता. म्हटलं गपचूप लावून बघू, चांगला निघाला तर सांगू.”

“मग? नाही निघाला चांगला?”

तो वाकून माझ्या गळ्यातल्या टॉवेलची गाठ पुन्हा आवळू लागला.

“आणि सोड म्हणालास.”

“सवयीने गेलं तोंडातून,” तो म्हणाला.

टायर बदलला याचा मला राग नाही. मी निवडलेला टायर कातळाला चालत नव्हता, हेही कबूल. पण आपलं चाक का टिकतंय हे माहीत असताना तो मला खांदे, नजर आणि वय समजावत होता. फसवलं त्याने मला. इतकी वर्षं उतारावर मी त्याच्यापेक्षा सरस होतो, आणि खाली उभं राहून माझी वाट बघणं त्याला आवडायला लागलं होतं, असं मला वाटतं. विचारलं मात्र कधी नाही.

कॉलर बोन जुळेपर्यंत दिवाळी आली. त्याच्या बायकोने डिंकाचे लाडू पाठवले, ते मी खाल्ले, पण त्याच्याशी बोललो नाही. जो तो मला म्हणाला की एका टायरवरून कुणी इतकी जुनी मैत्री तोडतं का. माझ्या बायकोनेही म्हणून बघितलं.

पुढच्या पावसाळ्यात मी तोच टायर आणला, उंच दात्यांचा, मऊ. एकट्याने बसवला आणि एकटाच त्या कातळावर गेलो. खांदे तसेच आखडलेले होते, नजर तशीच जवळ होती, वय वर्षाने वाढलेलं होतं. चाक हललं नाही. खाली पोचल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण मी दगडावर बसून रडलो.

श्रावणात त्याचा फोन आला, रविवारी जाऊ या का म्हणून. बायकोच्या आग्रहामुळे मी हो म्हणालो. टिटवाळ्याला गाडीतून उतरल्यावर बघितलं, त्याचा मऊ टायर एका मोसमात पार झिजला होता. “तुझे दाते गेलेत,” मी तिथल्या तिथे सांगितलं. सांगायला एवढंच लागतं. तो म्हणाला, चालेल आजच्यापुरतं.

कातळावर मी पुढे होतो. खाली पोचलो आणि वळून बघितलं. तो वर थांबला होता, दोन्ही पाय टेकून, माझ्या ओरडण्याची वाट बघत. मी ओरडलो नाही तेव्हा त्यानेच विचारलं, “धरू की सोडू?”

“तुझं तू बघ,” मी म्हणालो.

त्याने आपल्या पुढच्या चाकाकडे बघितलं. मग सायकलवरून उतरला आणि ती हाताने धरून, एकेक पाऊल टाकत खाली आला.