प्रशिक्षक म्हणून माझे नाव

कुंभकोणमला आडी ह्या तमिळ महिन्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, लग्ने होत नाहीत, म्हणून त्या महिन्यात मंगल कार्यालय स्वस्तात मिळते. पुण्याच्या संस्थेला हे माहीत नव्हते, मला होते. सरकारी कर्मचाऱ्यांना हरितगृह वायूंची मोजदाद शिकवायचे काम त्या संस्थेला मिळाले आणि आमच्या भागापुरते ते माझ्याकडे आले. कार्यालय, जेवण, जनरेटर, सगळे मी घासाघीस करून ठरवले. शिकवलेही मीच. संस्थेचे सर सुरुवातीला थोडा वेळ इंग्रजीत बोलत आणि निघून जात. उरलेले सगळे दिवस तमिळमध्ये मी. तरीही कागदावर ते ‘प्रशिक्षक’ आणि मी ‘स्थानिक व्यवस्था’. स्थानिक व्यवस्थेत आचारीही होता.

मला पदवी नाही. दारासुरमच्या विणकरांच्या दारोदार फिरून रेशमी साड्यांची दलाली करत मी वर आलो. पुढे कॉम्प्युटरचे क्लास काढले, मग सरकारी खात्यांना तक्ते भरायला शिकवू लागलो. वायूंचे गणित माझे मी शिकलो. संस्थेच्या यादीत प्रशिक्षक म्हणून एकदा नाव लागले असते, तर पुढची कामे थेट माझ्याकडे आली असती. दर वर्षी ते मागत होतो, दर वर्षी सर हसून विषय बदलत होते.

आमच्या घरी तंजावरची जुनी मराठी बोलतात. तिचीही सरांना गंमत वाटे. “तुमचं बोलणं ऐकलं की ऐतिहासिक नाटकाला बसल्यासारखं वाटतं हो!”

“तिकीट काढलंत का?” मी विचारले. त्या दिवशी ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

भाताच्या शेतात पाणी तुंबून राहिले की चिखलातून मिथेन निघतो. मधे शेत वाळले तर कमी निघतो. म्हणून कुठल्या भागात पाणी किती टिकले हे खात्याने कळवायचे असते. आमच्याकडची रीत अशी की, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, मंत्र्यांनी पाण्यावर फुले टाकली, की त्या दिवसापासून ऑफिसच्या हिशेबात सगळा डेल्टा ओला. कालव्याच्या शेपटापर्यंत पाणी पोचले का, हे कोणी बघायला जात नाही.

“सर, पाणी सोडल्याचा आदेश आहे,” एक कारकून मला समजावू लागला. “शेत कोरडं लिहिलं तर आदेश खोटा ठरेल.”

माझे डोके फिरले. हातातला मार्कर मी स्टेजवरच्या नवरानवरीच्या खुर्चीवर फेकला. “आदेशातून मिथेन निघतो का? शेतात जा. पाय भिजला तर ओलं लिहा, नाही तर लिहू नका!”

सगळे हसले. एक बाई हसल्या नाहीत. त्या शेती खात्यात होत्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावे त्यांच्याकडे होती. त्यांनी माझे ऐकले.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, लग्ने थांबून कार्यालय पुन्हा स्वस्त झाले तेव्हा, समारोपाला सगळे आपापले तक्ते घेऊन आले. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “सर, पाय भिजला नाही.” पाणी एकदा आले आणि परत आलेच नाही. कणसे भरायच्या आधीच पीक करपले. त्यांनी ती सगळी जमीन दुष्काळी रकान्यात घातली होती. त्यामुळे जिल्ह्याचा मिथेनचा आकडा बराच खाली आला.

संस्थेच्या सरांनी मला स्टेजमागे नेले. चेहरा फुललेला.

“काय काम केलंत तुम्ही! आकडा उतरला.”

“पीक जळालंय, सर.”

“ते वाईटच. पण आपण असं लिहू, की प्रशिक्षणानंतर शेतकऱ्यांनी शेत मधूनमधून वाळवायची पद्धत उचलली. तसा रकाना आहेच.”

“तो मुद्दाम वाळवणाऱ्यांचा रकाना आहे. ह्यांना पाणीच मिळालेलं नाही.”

“अहो, तुम्ही व्यापारी माणूस,” ते हळूच म्हणाले. “यादीत नाव हवंय ना? प्रशिक्षक म्हणून?”

इतकी वर्षे मागत होतो ते त्यांनी आपणहून पुढे केले होते. मी पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये पाहिले. बाईंसमोर जेवणाचे वाढलेले केळीचे पान तसेच होते. गावांचे भरपाईचे अर्ज अडकले आहेत, हे त्यांनी मला सकाळीच सांगितले होते. शेत शेतकऱ्यांनीच मुद्दाम वाळवले असे सरकारच्या अहवालात आले, तर त्या अर्जांना कोण विचारणार?

“हा सौदा होणार नाही,” मी ओरडलो. आचारी डोकावून गेला. “दुष्काळी म्हणजे दुष्काळीच. नाव घाला चुलीत!”

“बरं, बरं. चिडू नका. ठेवू तसंच.”

पहिल्याच फटक्यात वाकणाऱ्या गिऱ्हाइकावर दारासुरममध्ये मी कधी विश्वास ठेवला नसता. त्या दिवशी ठेवला. जिंकलो असे वाटून घरी गेलो.

अहवाल आला तेव्हा आमचा भाग त्यात आदर्श उदाहरण होता. भेगा पडलेल्या शेताचा फोटो, खाली पाणी वाचवणाऱ्या शेतकऱ्यांचे कौतुक. आणि त्याच पानावर, प्रशिक्षक म्हणून, माझे पूर्ण नाव.

मी फोन लावला. “नाव काढा.”

“आता काढा? इतकी वर्षं तर घाला म्हणत होतात,” सर म्हणाले. “छापून झालंय हो.”

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी घासाघीस करून मिळवल्या. ही एक परत देता येईना. पत्रे लिहिली, पुण्याला जाऊन आरडाओरडा केला. त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

गावांचे अर्ज फेटाळले गेले. कारण त्या पानातलेच दिले होते: शेते शेतकऱ्यांनी स्वतःच वाळवली. हे सांगायला बाई माझ्या क्लासवर आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

“तुम्ही खरं तेच कळवलं होतंत, मला माहीत आहे,” मी म्हणालो. “मीही नाहीच म्हणालो होतो.”

“मला माहीत आहे, सर. गावाला कसं माहीत असणार? तिथे तुमचं नाव वाचलंय सगळ्यांनी. तुम्ही कुठे राहता, विचारतात.”

“मग सांगा.”

त्यांनी मान डोलावली आणि त्या जिना उतरून गेल्या.

आडी जवळ आला आहे. दुसऱ्या दोन जिल्ह्यांतून यंदा थेट मलाच बोलावणे आले आहे, अहवालात नाव पाहून. मी अजून उत्तर दिलेले नाही. गावातूनही अजून कोणी आलेले नाही.