राखेपाशी अकरा सेकंद

माझं काम ऐकलं की लोक दोन गोष्टी विचारतात. भीती नाही का वाटत, आणि चांगल्या विषयांवर फिल्म का काढत नाहीस. दुसरा प्रश्न माझे वडील आजही विचारतात. त्यांचं सगळं आयुष्य चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आणि वीज केंद्राच्या शिफ्टमध्ये गेलं. "वाघावर काढ नं एखादी. खूनबिन काऊन?" मी सांगून थकले, की आपल्या वाघावर फिल्म काढायला परदेशातून माणसं येतात, पण मेलेल्या माणसाची फाईल बंद झाली की तिकडे कुत्रंही फिरकत नाही. मला त्या बंद फायलींचं वेड आहे. आहे तर आहे. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

माफी मागायची आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

ब्रह्मपुरीच्या पुढे जंगलाला लागून एक धानाचं गाव आहे. तिथली एक बाई चैत्रात, दिवस उजाडता उजाडता, नवऱ्यासोबत मोहफुलं वेचायला गेली. नवऱ्याची टोपली भरली म्हणून तो घरी आला, ती मागे थांबली. तिसऱ्या दिवशी ती नाल्यात सापडली. गाव म्हणालं, वाघ. डॉक्टरांनी लिहिलं, जखमा जनावराच्या आहेत, पण मरणाआधीच्या की नंतरच्या हे सांगता येत नाही. मोह वेचायला जायच्या आदल्याच दिवशी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. पोलिसांनी त्याला चार वेळा बोलावलं, काही निघालं नाही म्हणून सोडून दिलं. गुन्हा दाखल झाला नाही, संशय तेवढा उरला. माझ्यासारखीला एवढं पुरतं.

त्याच महिन्यात मी कॅमेरा घेऊन पोचले. नवरा आम्हाला त्या झाडांपाशी घेऊन गेला. प्रत्येक मोहाखालची जमीन गोल काळी पडलेली, पायाखाली राख. मुंबईच्या मीटिंगांमध्ये मी चंद्रपूरची म्हणून मिरवते, पण मी वाढले कॉलनीत. जंगल मी पाहिलं ते शाळेच्या बसच्या खिडकीतून. मला वाटलं, इथे काहीतरी जाळून टाकलंय. मी विचारलं, "ही आग कुणी लावली?"

तो माझ्याकडे पाहायला लागला. मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि मान खाली घातली. समोरचा गप्प झाला की आपण बोलायचं नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. मी बोलले नाही. अकरा सेकंदांनी तो म्हणाला, "माहीत नाई."

ते अकरा सेकंद म्हणजे माझी फिल्म. आम्ही त्याला खुनी म्हटलं नाही, एवढे कच्चे आम्ही नाही. आम्ही फक्त राख दाखवली, मग त्याचा चेहरा दाखवला आणि खाली एक घुमणारा सूर सोडला. बाकीचं काम पाहणाऱ्यांनी केलं. त्या शांततेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. मला पुढची कामं त्याच शॉटवर मिळाली, आणि मी ती आनंदानं घेतली.

दोन वर्षांनी एक मुलगी चंद्रपूरच्या माझ्या घरी आली. ब्रह्मपुरीच्या होस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. त्या बाईची एकुलती एक लेक. मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली, कारण अशी माणसं भांडायला येतात. ती भांडली नाही. पाणी प्यायली, गिलास खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, आमच्या बाबानं मारलं का मायले? तुमच्यापाशी समदं शूटिंग असन. खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"होस्टेलच्या पोरी मोबाइलवर पाह्यतेत आन् मी आली की बंद करतेत. राखेचं मले काई नाई. मोहा पडाच्या आधी समदेच जाळतेत."

हे मला नवीन होतं. तिनं समजावून सांगितलं. मोहफूल पडायला लागायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे पडलेली फुलं साफ जमिनीवर दिसतात आणि भराभर वेचता येतात. तिच्या गावात लहान पोरालाही ते ठाऊक होतं. गावातल्या लोकांनी माझी फिल्म पाहिली तेव्हा त्या राखेच्या जागी ते हसले होते म्हणे. मी कानकोंडी झाले.

"मंग बाबा चूप काऊन राह्यले? 'मी जाळलं' म्हनून सांगाले काय जात होतं? तेच मले समजून नाई राह्यलं. सुटीत घरी जातो, बाबा भात वाढतेत, आन् मी त्यायच्या हाताकडं पाहात राह्यतो."

मी हार्ड डिस्क काढली. फिल्ममध्ये न घेतलेलं सगळं माझ्याकडे असतं. तो शॉट काढला आणि मूळ आवाजासकट लावला. माझा प्रश्न, त्याचं माझ्यामागे पाहणं, खाली गेलेली मान. आणि सातव्या-आठव्या सेकंदाला खरखर.

"हे काय वाजलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, वायरलेस. आम्ही ते साऊंडमध्ये साफ करून टाकलं होतं.

"वायरलेस कोनाचा?"

आणि तेव्हा मला आठवलं. जंगलात शूटिंगची परवानगी काढली की सोबत वनरक्षक असतोच. तो बिचारा दिवसभर माझ्या पाठीमागे उभा होता, फ्रेममध्ये येऊ नये म्हणून मीच त्याला तिथे उभा केला होता. जंगलात आग लावणं गुन्हा आहे. मी एका माणसाला, वनरक्षकाच्या देखत, जंगल कुणी जाळलं असं विचारलं होतं. माझ्या जागी त्या गावातलं शेंबडं पोर असतं तरी त्यानं हे विचारलं नसतं.

मुलगी खुर्चीवर मागे टेकली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. मला माझीच घाण वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी, ज्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर फिल्म दाखवतात, त्याच्या लोकांना फोन केला. मी म्हटलं, फिल्म बदलायची आहे. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. प्रेक्षकांचा अनुभव, करार, हक्क. शेवटी म्हणाला, "अहो, आपण तर कुठलाच आरोप केलेला नाही." मी म्हटलं, तेच तर. त्यांनी काही बदललं नाही. मग मी ते अकरा सेकंद खरखरीसकट इंटरनेटवर टाकले आणि खाली लिहिलं की त्या वेळी माझ्या मागे कोण उभं होतं आणि मी किती मूर्ख होते. त्यांची नोटीस आली आहे. वकील म्हणतो, गप्प बसा. हे लिहिणं त्या नोटिशीचं उत्तरच समजा. फुटेज त्यांचं असेल, चूक माझी आहे, आणि तिच्यावर हक्क सांगायला मला कुणाची सही लागत नाही.

नंतर मुलीसोबत गावी गेले. या वेळी फक्त मी आणि एक छोटा कॅमेरा. तो अंगणात खाटेवर बसला होता, मुलगी खाली उंबऱ्यावर. मी आधीच सांगितलं, भाऊ, तुम्ही बोललात तर यावर केस होऊ शकते. तो म्हणाला, "होऊ द्या. याच्याहून काय वाईट होते?" मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"मीच लावली," तो लगेच म्हणाला. "दरसाल मीच लावतो. बायको म्हने, नीट जाळ, मले वाकून दिसत नाई."

माझ्यासाठी एवढं खूप होतं. पण तो थांबला नाही. माझ्यावरची नजर काढून त्यानं लेकीकडे पाहिलं.

"या बाईले नाई समजलं, ते तं बाहेरची. तू घरची होतीस. तू काऊन नाई पुसलं?"

मुलगी जमिनीकडे पाहत राहिली. त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, म्हणून मी कॅमेऱ्यामागून उठले, फ्रेममध्ये तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "माझ्यामुळं."

कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं, त्यामुळे फोकस गेला आहे आणि तिघांचेही चेहरे धूसर आहेत. नव्या फिल्ममध्ये तो शॉट मी तसाच ठेवला आहे.